खोडलेले समास

मित्रांनो, मी एक जुना वाटाड्या आहे. कागदाचा, तीनशे बारा पानांचा, पाय नसलेला. माझ्या मुखपृष्ठावर एका मुलखाचे नाव होते. ते झिजून गेले आहे आणि आता ते सांगण्याची मला हौसही उरलेली नाही. जुनी पुस्तके आपली हकीकत सांगायला बसली की शेवटी रद्दीवाल्यावर येतात. मलाही रद्दीवाल्याची भीती वाटायची, पुष्कळ वर्षे वाटायची. पण त्याहून मोठी भीती असते, हे मला एका सकाळी कळले. ती सकाळ सांगायची आहे. मला ते जमेलच असे नाही. मी आजवर 'डावीकडे वळावे', 'पुढे ओढा लागतो' एवढेच बोलत आलो.

माझा लेखक जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला एक उंच, अबोल माणूस होता. निवृत्तीनंतर त्याला घरात करमेना. एके दिवशी त्याने डाव्या खिशात मूठभर वाळलेले वाटाणे भरले आणि तो चालायला लागला. शंभर पावले झाली की डाव्या खिशातला एक वाटाणा उजव्या खिशात जायचा. संध्याकाळी उजव्या खिशातले वाटाणे मोजून तो वहीत आकडा टिपायचा. त्याची बायको म्हणायची, की खिशातले वाटाणे संपले की घरी या म्हणजे झालं. असा तो तीन वर्षे चालला. डोंगर, दऱ्या, खाडी, झरे, पडके किल्ले, सगळे मिळून एकशे बत्तीस वाटा झाल्या.

छापखान्यात माझी अक्षरे खिळ्याखिळ्याने जुळवली गेली. जुळारी कुरकुरायचे, की या माणसाचे पुस्तक जुळवताना बसल्या जागी पाय दुखतात. मुद्रिते तपासायला लेखक स्वतः यायचा आणि एखाद्या ओढ्यापाशी अडून बसायचा. वहीत एकशे पंचेचाळीस पावले असतील आणि छापताना दीडशे झाली असतील, तर तो अख्खे पान पुन्हा जुळवायला लावी. अशा रीतीने मी जन्मलो. त्या दिवशी माझ्या पोटात एकही चूक नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे माझ्यावर जे ओढवले ते यामुळेच, असे मला कधी कधी वाटते.

माझी बरीच भावंडे दुकानांतून निघून गेली. मी मात्र डोंगर आणि खाडी यांच्या मध्ये वसलेल्या एका लहान गावात, सहा खोल्यांच्या एका लॉजवर आलो. लॉज चालवणाऱ्या बाईंना सगळे आत्या म्हणत. सगळ्यांच्या त्या आत्या कशा झाल्या, ते मला माहीत नाही. उतारू येत, खोलीची किल्ली घेत आणि काउंटरवरून मलाही घेऊन जात. संध्याकाळी परत आले की आत्यांचा एक नियम असे. त्या किटली हातात धरून उभ्या राहत आणि समोर पेन्सिल सरकवत. आधी पेन्सिल, मग चहा. दिवसभरात माझ्या छापील मजकुराहून काही वेगळे दिसले असेल, तर ते त्या पानाच्या समासात लिहायचे. काही वेगळे दिसले नसेल, तर नुसती बरोबरची खूण करायची.

सुरुवातीला मला याचा राग यायचा. एवढ्या कष्टाने मोजलेला मी, आणि दमलेला एखादा उतारू माझ्या कडेला खरडणार! पण हळूहळू सवय झाली. पान चाळीसवर कुणीतरी लिहिले, 'पिवळ्या घराचा कुत्रा बांधलेला नसतो.' चार वर्षांनी त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात आले, 'तो कुत्रा वारला. नवा आहे. हाही चावतो.' एका चढाला माझ्या लेखकाने 'सोपा' म्हटले होते. तिथे एका बाईंनी लिहिले, 'सोपा म्हणणाऱ्याने आपले गुडघे दाखवावेत.' झरा आटला, रस्ता रुंद झाला, देवडी पडली, सगळे समासात येत गेले. वीस-बावीस वर्षांत माझे समास पेन्सिलीने करडे झाले. मला वाटायचे, की मी मळलो. आता कळते, की मी जिवंत होतो तो तेवढ्यापुरताच.

पान एकशे बारा मी मुद्दाम वेगळे सांगतो. त्यावर खाडीच्या तोंडाची वाट होती. अलीकडे किनारा, पलीकडे टेकडी आणि टेकडीवर बंद पडलेले दीपगृह. माझ्या लेखकाने लिहिले होते, 'पूर्ण ओहोटीच्या आधी दोन तास व नंतर दोन तास घट्ट वाळूवरून चालत जाता येते. एकूण पाचशे पावले. दोनशे पावलांवर दगडी खांब. वाट सोपी, मुलांनाही चालण्याजोगी.' त्या काळी हे खरे होते. पुढे खाडीत वरच्या अंगाला बोटींसाठी धक्का बांधला गेला आणि पाण्याने आपली चाल बदलली. समासात एक नोंद आली, 'वाळू मधोमध मऊ वाटली.' मग आली, 'खांब दिसला नाही.' मग, 'गुडघ्यापर्यंत रुतलो, दोघांनी ओढून काढले.' शेवटी आत्यांनी स्वतः पेन्सिल दाबून मोठ्या अक्षरांत लिहिले, 'ही वाट आता नाही. कुणी जाऊ नये.' तोवर दीपगृहाकडे वरून गाडीरस्ता झाला होता. खालून कुणी जाईनासे झाले, म्हणून किनाऱ्यावर धोक्याचा फलक लावायचेही कुणाला सुचले नाही. तो फलक म्हणजे माझा समास होता.

मग फोन आले. काचेचे, चपटे, खिशात मावणारे. उतारू किल्ली घेत आणि अंगठ्याने काच सरकवत निघून जात. मी काउंटरवरून खिडकीत गेलो. खिडकीतून कपाटात गेलो. एका पावसाळ्यात तर डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली दोन महिने काढले. फोनचा मला फार हेवा वाटे. त्याला म्हणे कालचा पडलेला दगडही आज कळतो. आमच्यापैकी कुणाला कधी काय कळले? छापून झाले की आमचे कान बंद होतात. रद्दीवाल्याची हाक ऐकली की मी कपाटात अंग चोरायचो. कुणीतरी मला पुन्हा एकदा हातात घ्यावे, एवढीच माझी इच्छा होती. मित्रांनो, माझी ती इच्छा पुरी झाली आणि ती कशी पुरी झाली तेच सांगतो.

आत्यांची भाची लॉजवर राहायला आली. ती एका मोठ्या ग्रंथालयात पुस्तक-दुरुस्ती विभागात काम करत असे. तो विभाग बंद झाला, तेव्हा आत्यांनी तिला बोलावून घेतले. शांत मुलगी, हात अतिशय हलका. मी तिला टेबलाच्या पायाखाली दिसलो. खाली बसून तिने एका हाताने टेबल उचलून धरले आणि दुसऱ्याने मला बाहेर काढले. आत्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवस शहरात गेल्या, तेव्हा तिने ठरवले, की त्या परत येईपर्यंत मला नवे करायचे.

तिने माझी शिवण उसवून पुन्हा घातली. खळ शिजवली, नवा पुठ्ठा लावला, कोपऱ्यांना कापडी पट्टी दिली. मग तिने मऊ खोडरबर आणि ब्रश घेतला. ग्रंथालयात तिला पहिल्या दिवशी शिकवलेले काम तेच होते. वाचकांनी केलेल्या खुणा काढायच्या. आणि त्या कामाचा तिथला एक नियम होता, की पुस्तक उलटे धरायचे, म्हणजे डोळा अक्षरांत अडकत नाही. वाचत बसले की काम होत नाही. उरलेले तीन दिवस ती मला उलटे धरून, एकेक समास, न वाचता खोडत राहिली.

खरे सांगायचे तर मला बरे वाटत होते. अंगाला तेल लावून कुणी न्हाऊ घालावे तसे. कितीतरी वर्षांत कुणाचा असा हात माझ्यावरून फिरला नव्हता. नोंदी जात होत्या तशा माझ्या आठवणीतूनही जात होत्या, आणि मला त्याचे काहीही वाटले नाही. मी पुन्हा कोरा, देखणा, चूक नसलेला होत होतो. पान एकशे बाराशी मात्र रबर जरा अडला. आत्यांनी दाबून लिहिले होते. भाचीने थोडा जोर लावला. मोठी अक्षरे गेली, रबराचा करडा भुगा तिने फुंकरीने उडवला, आणि मला एकदम गार झाले. त्या समासात आता काही नव्हते. मधोमध ठसठशीत छापलेले होते, 'मुलांनाही चालण्याजोगी.'

ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. पण मग मीच माझी समजूत घातली. कोण वाचणार आहे तुला? गेल्या सात वर्षांत कुणी वाचले? मी आयुष्यभर ज्या उपेक्षेला भ्यालो, तिचाच मला आधार वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तीन नंबरच्या खोलीतले आजोबा काउंटरवर आले. ते वजनमापे तपासणाऱ्या कचेरीतून निवृत्त झाले होते. बरोबर बारा वर्षांची नात होती. आजोबांनी विचारले, की या भागाचे एखादे पुस्तक मिळेल का, खरे, कागदाचे. भाचीचा चेहरा असा उजळला, की मला तिची दया आली. तिने मला दोन्ही हातांनी पुढे केले. आजोबांनी माझा वास घेतला, पुठ्ठ्यावरून हात फिरवला, पावलांचे आकडे पाहिले आणि ते खूश होऊन म्हणाले, की याला म्हणतात मोजून लिहिणे.

नातीने मान तिरकी करून मला पाहिले. "आजोबा, हे कधीचं आहे ते तरी बघा."

"तुझ्या आईपेक्षा सहा वर्षांनी लहान आहे."

"म्हणजे म्हातारंच की."

"हे आईसमोर म्हण."

त्यांचा आधीच करार झाला होता. आजचा दिवस फोन आजोबांच्या पिशवीत, आवाज बंद करून. तो पिशवीत टाकण्यापूर्वी नातीने आजोबांनी निवडलेले माझे पान एकशे बारा आणि फोनमधला नकाशा शेजारी शेजारी धरले. तिच्या कपाळाला आठी पडली. ती म्हणाली, "इथे वाटच नाही आजोबा. फोनमध्ये नुसतं निळं दाखवतंय."

"फोनला पाय आहेत का? हा माणूस स्वतः चालून आलाय."

हो, आला होता, चाळीस वर्षांपूर्वी. त्या क्षणी मी ज्याचा जन्मभर हेवा केला त्या काचेच्या तुकड्याच्या बाजूने होतो. ऐका हो त्याचे, असे मी आतल्या आत विनवत होतो. पण आजोबांनी आधी फोन पिशवीत टाकला, मग त्याच्यावर मला ठेवले आणि चेन ओढली.

पिशवीत अंधार होता. किनाऱ्यावरची वाळू पायाखाली करकरल्याचा आवाज आला, मग तो आवाज बदलून ओला झाला. आजोबा पावले मोजत होते. त्यांची पावले आखूड, म्हणून त्यांनी दोनशेची अडीचशे धरली. नात मध्येच त्यांना चुकवायला भलतेच आकडे म्हणायची आणि ते हसत तिला गप्प करायचे. त्यांचे हसू ऐकून माझी शिवण आवळत होती. एका जागी नात म्हणाली, की इथली वाळू जेलीसारखी हलतेय. मी तिला सांगत होतो, की बाळ, हे माझ्यात लिहिलेले होते. कुणीतरी आपल्या पायांनी शिकून लिहिले होते. पण माझा आवाज कुठे असणार?

तेवढ्यात फोन थरथरला.

त्याला आवाज नव्हता. तो नुसता माझ्या नव्या पुठ्ठ्यावर धडका देत होता. थांबला. पुन्हा सुरू झाला. मला कळले, की बाहेर कुणालातरी कळले आहे. पुढची हकीकत मला नंतर समजली ती अशी. आत्या सकाळच्या बसने, एका डोळ्याला हिरवी पट्टी लावून परत आल्या. भाचीने मोठ्या आनंदाने सांगितले, की तुझे पुस्तक नवे केले आणि पहिल्याच दिवशी एक आजोबा नातीला घेऊन खाडीच्या तोंडाची वाट बघायला गेलेसुद्धा.

"समासातलं वाचून गेले ना?" आत्यांनी विचारले.

"समास मी स्वच्छ केलेत, आत्या."

 आत्यांनी उतारूंचे रजिस्टर ओढले, पट्टी नसलेला डोळा पानाला टेकवून नंबर शोधला आणि भाचीच्या हातात फोन दिला. भाची चालत्या पायी फोन लावत होती आणि आम्ही तो पिशवीत ऐकत होतो, फोन आणि मी. दोन वाटाडे. एकाला बोलता येत होते पण त्याचा आवाज बंद केलेला. दुसऱ्याला कधी बोलताच आले नव्हते. तिसऱ्यांदा थरथरला. चौथ्यांदा. बाहेर आजोबा म्हणत होते, दोनशे तीस, दोनशे चाळीस.

अडीचशेला ते थांबले. "खांब कुठाय?"

"पडला असेल."

"पडला तर दगड दिसेल. वजन असं नाहीसं होत नाही." ते आणखी दहा पावले गेले, पुन्हा थांबले. माझ्या लेखकाच्या त्या एका आकड्याने त्यांना अडवले. दुसरा कुणी तसाच पुढे गेला असता. पण या माणसाने जन्मभर तराजूतला केसाएवढा फरक पकडला होता. त्यांनी चेन उघडली, मला बाहेर ओढले, पान एकशे बारा काढून त्याच्याकडे आणि समोरच्या सपाट, चकाकत्या ओलीकडे आळीपाळीने पाहिले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "चुकलंय हे पुस्तक."

मित्रांनो, माझी इतकी स्तुती झाली, पण इतके सुखाचे शब्द मी कधी ऐकले नव्हते.

उघड्या पिशवीत फोनचा उजेड दिसत होता. नातीने फोन घेतला. भाचीचा श्वास लागलेला होता. ती म्हणाली, "जिथे आहात तिथूनच मागे फिरा. पुढे एक पाऊलही टाकू नका. आपल्याच पावलांवरून या." मग आत्यांचा आवाज आला, अगदी शांत, चहा विचारताना असतो तसा. "धावायचं नाही हं बाळा. आजोबांनाही धावू देऊ नकोस."

ती दोघे वळली. मी आजोबांच्या काखेत होतो, म्हणून मला सगळे दिसले. भरती समोरून येते असे आपल्याला वाटते. इथे ती मागून आली होती. किनारा आणि आम्ही यांच्यामध्ये जिथे मघाशी कोरडी पन्हळ होती, तिथे पाणी भरत होते, गडबड न करता, आपलेच घर असल्यासारखे. आमच्या पावलांचे ठसे पाण्याने भरून चकाकत होते. पुढचे काही विरघळूनही गेले होते. जिथे ठसे संपले तिथे आजोबांनी अंदाजाने पाऊल टाकले आणि त्यांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

नातीने त्यांचा हात ओढला, तशी तीही घोट्यापर्यंत रुतली. तिने स्वतःला सोडवले आणि आजोबांच्या काखेतल्या माझ्याकडे बघितले.  मग ती म्हणाली, "पुस्तक द्या इकडे."

"अगं, भिजेल ते."

त्या गाळात, त्या पाण्यात, त्यांना माझी काळजी होती. असा वाचक मिळावा आणि मी त्याला तिथे आणून सोडावे!

"भिजू दे. मी खाली ठेवते, तुम्ही त्याच्यावर गुडघा टेका आणि पाय हळूहळू वर घ्या."

तिने मला मिटून आडवे ठेवले. आजोबांनी मोकळा गुडघा माझ्यावर टेकवला, मग दोन्ही तळवे. त्यांचे सगळे वजन माझ्यावर आले. गाळ थंड होता. तो माझ्या कडांमधून पानापानात शिरला, नवी शिवण कट्कन तुटलेली मला कळली. मी खाली जात होतो. माझ्या पोटात तीनशे बारा पाने आहेत, मी जाड आहे, एवढाच मी विचार करत होतो. थोडा आणखी जाड असतो तर बरे झाले असते. मग बाटलीचे बूच निघावे तसा आवाज झाला आणि त्यांचा पाय सुटला. बूट आतच राहिला.

आजोबा नातीला म्हणाले, की राहू दे ते पुस्तक. मलाही वाटत होते, राहू द्यावे. पान एकशे बारा गाळाखाली गेले असते तर जगातली एक खोटी वाट कमी झाली असती. पण तिने वाकून मला उपसून काढले. पन्हळीतले पाणी तिच्या छातीपर्यंत आले होते. किनाऱ्याच्या बाजूने गावातला होड्या दुरुस्त करणारा माणूस दोर घेऊन पाण्यात उतरला होता. त्याच्या मागे भाची कमरेपर्यंत पाण्यात उभी होती आणि तिच्या मागे, किनाऱ्यावर, आत्या एका डोळ्याने बघत होत्या. सगळे बाहेर आले. किनाऱ्यावर बसून आजोबांनी मागे पाहिले. जिथे ते पावले मोजत होते, तिथे खाडी होती.

लॉजवर मला दोरीवर वाळत टाकले. खाली सगळे बसले होते. भाची दाराजवळ उभी होती. तिला बसा म्हटले तरी ती बसेना. ती आजोबांना म्हणाली, की वाचलं असतं तर खोडलं नसतं, पण मी वाचलंच नाही. 

आजोबा आपल्या अनवाणी पायाकडे बघत होते. मग ते म्हणाले, "मी चौतीस वर्षं वजनं तपासली. लोखंडाचं वजनसुद्धा झिजतं, म्हणून ठराविक मुदतीनं त्यावर नवा शिक्का लागतो. जुन्या शिक्क्याचं वजन मी कुणाच्या दुकानात चालू दिलं नाही. आणि नातीला घेऊन निघालो तेव्हा पुस्तकावरचं वर्ष वाचलं, त्यावर विनोद केला आणि पुढे गेलो. तुम्ही एकट्या नाही चुकलात."

नात म्हणाली, "मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी तिचा ओला हात आपल्या हातात घेतला. तो हात त्यांनी संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

मी वाळल्यावर आत्या आणि भाची एकेक पान घेऊन बसल्या. आत्या आठवतील त्या नोंदी सांगत, भाची लिहून घेई. होड्या दुरुस्त करणाऱ्याला विचारले, बस चालवणाऱ्याला विचारले. चार दिवसांत एकतीस नोंदी परत आल्या. किती गेल्या, त्याचा हिशेबच नाही. मी फार आठवून पाहतो. रबराने पुष्कळ नेले आणि उरले ते खाडीच्या पाण्याने. माझ्या पानांवर अजून कितीतरी ठिकाणी 'सोपी वाट', 'पक्की वाट' असे छापलेले आहे. त्यांतले कोणते अजून खरे आहे, ते मलाच ठाऊक नाही. पूर्वी मी दाराबाहेर पावले वाजली की आशेने ताठ व्हायचो. आता कुणी कपाट उघडले तरी माझा थरकाप होतो.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. पुस्तकांना जपा, असे तुम्हांला सगळेच सांगतात आणि ते बरोबरही असेल. मला एवढेच म्हणायचे आहे, की आम्हां वाटाड्यांना नुसते स्वच्छ ठेवून जपू नका. आधी आमचे वर्ष बघा. कालपरवा त्या वाटेने गेलेला कुणी भेटला तर थांबून त्याला विचारा. आम्ही चुकलो असलो तर आमच्या कडेला तसे लिहा, अक्षर वाईट असले तरी चालेल. आणि दुसऱ्याने लिहिलेले आधी वाचा.

भाचीने आता ठरवले आहे, की एकशे बत्तीस वाटा आपण स्वतः चालायच्या. आठवड्याला एक. तिच्याबरोबर कधी बस चालवणारा असतो, कधी आत्याच हट्टाने निघतात. भाची हातात लांब काठी घेते, पुढची जमीन ठोकते, मगच पाऊल टाकते. पानावरची ओळ मोठ्याने वाचते, समोर बघते, आणि पेन्सिल काढते. अकरा वाटा झाल्या. त्या अकरांत मी सात ठिकाणी खोटा निघालो.

उद्या बारावी. पान एकशे सेहेचाळीस. दरी खोल आहे आणि तिच्यावर एक लाकडी पूल आहे. माझ्यात छापले आहे, की पूल मजबूत आहे, भारासकट माणूस जाऊ शकतो. तिथे समासात पेन्सिलीने काहीतरी होते, दोन ओळी होत्या, एवढे मला आठवते. काय होते, ते आठवत नाही. भाचीने पिशवी भरून ठेवली आहे आणि मी त्या पिशवीत आहे. मित्रांनो, मला फार भीती वाटते आहे.